रकाने

टायपिंग इन्स्टिट्यूटची जुनी हजेरीवही,
मागची पानं कोरी राहिलेली.
त्यांच्यावर मी देश लिहिते.

भाडं. भाजी. डॉक्टर. थंडी.
रकाने पट्टीनं आखलेले. पट्टी तीच,
अनगोळच्या पोरांवर कधी न उगारलेली,
नुसती टेबलावर आपटलेली.

सोळा मशिनं खडेबाजारात किलोवर गेली.
त्यांचं आणि भिशीचं मिळून बँकेत जे आहे
त्याचं व्याज महिन्याला एकवीस हजार चारशे.
एवढ्यात जगाचा कुठला तुकडा परवडतो
हे बघायला कोणाला विचारावं लागत नाही.

व्हिएतनाम खोडलं. उकाडा, आणि मला मासळीचा वास सोसत नाही.
पोर्तुगाल इनासनं सुचवलं, कॅम्पातल्या.
त्याच्या आजोबांचा दाखला मडगावच्या कुठल्याशा कपाटात आहे म्हणे.
त्याला जमेल. माझे आजोबा सुळग्याचे,
त्यांचा दाखला सुळग्यातसुद्धा नाही.
अल्बानियापुढे प्रश्नचिन्ह.
बोलिव्हियात उंचीनं धाप लागते,
मला तर जिन्यावरच लागते.

उरलं जॉर्जिया. कुताइसी नावाचं शहर,
मधून नदी, बाजारात अक्रोडांचे ढीग,
फोटोत दोन खोल्या आणि एक गंजकी बाल्कनी.
भाडं बसतं हिशोबात,
पाय जरा पोटाशी घेतले तर.
थंडीच्या रकान्यात लिहिलंय, बघू.

पुतण्या हुबळीहून फोनवर,
आत्या, तिकडं आपलं कोण आहे?
कोणी नाही रे. म्हणून तर स्वस्त पडतं.

तेहतीस अक्षरं त्यांची. रोज तीन गिरवते.
गोल, पोट सुटलेली,
एखादं शेपूट ओळीखाली सोडून बसलेलं.
पहिल्याच संध्याकाळी वाटलं, ही वळणं मी पाहिली आहेत.
तिसऱ्या गेटाजवळ, बसच्या कपाळावर,
लाइट बिलावर,
दादांच्या मृत्यूच्या दाखल्यावर.

पाहिली, वाचली नाहीत.
दादांनी ते वळण घरातल्या पाटीवर येऊ दिलं नाही.
एकदा नाही म्हणजे शेवटपर्यंत नाही, असा माणूस.
शेवटचा कागद मात्र त्याच अक्षरांत आला
आणि त्यावर त्यांचं नाव कुठं आहे
ते शेजारच्या गौरव्वांनी बोट ठेवून दाखवलं.

साठ वर्षं मी बस गर्दीवरून ओळखली,
बिल आकड्यांवरून.
आता चार हजारांवर किलोमीटर लांबच्या
एका बेकरीची पाटी वाचता यावी म्हणून
रात्री जीभ दातांत धरून बसते.
कोणाला याचा राग यावा? दादांना, बहुतेक.
की गौरव्वांना,
ज्यांनी एकोणतीस वर्षं माझं बिल मला वाचून दाखवलं
आणि एकदाही म्हटलं नाही,
शिका की.

काल त्या आल्या तेव्हा वही उघडी होती.
खूप वेळ बघत राहिल्या.
इदु कन्नड अल्ल, म्हणाल्या,
आणि कोपऱ्यातल्या एका अक्षरावर हसल्या,
हे मात्र आमच्यासारखं आहे, खरं उलटं बसलंय.
मी कानापर्यंत लाल झाले.
वही मिटली नाही.

आज सकाळी येळ्ळूरची शांताक्का दूध घालायला.
तिला गल्लीनं सगळं सांगितलेलं.
मी बी आलो असतो बगा बाई,
खरं म्हशी कोण बगणार?
मग पातेल्यात धार सोडता सोडता,
तिकडं दूध काय लिटर?

वही काढली. अक्रोड होते,
बसचा पास होता,
दाढ काढायचा खर्चसुद्धा होता.
दूध नव्हतं.
पट्टी शोधली, मिळेना.
हातानंच रेघ ओढली, ती वाकडी गेली,
थंडीच्या रकान्यात थोडी घुसली.
डोकं वर केलं तोवर
ती पुढच्या दाराला लागली होती,
माप माझ्याच पातेल्यात विसरून.